पंचेचाळिशीत फुटबॉलच्या मैदानावर परत उतरताना

वाड्यावर, कापणी झालेल्या शेतात, देवळाच्या किंवा चर्चच्या मैदानावर फुटबॉल खेळून मोठा झालेला गोव्यातला माणूस चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा बूट शोधतो, तो बहुधा दोन प्रसंगी. गावच्या क्लबाची वेटरन्स टीम उभी राहते तेव्हा, नाहीतर डॉक्टर साखरेचा रिपोर्ट पुढ्यात ठेवतात तेव्हा. दोन्ही वेळी घाई असते, आणि पोटरी घाईतच फाटते.

त्याचे कारण साधे आहे. नियमित धावायला लागले की दम 4 ते 6 आठवड्यांत चांगलाच सुधारतो. स्नायूंना बळ यायला 8 ते 10 आठवडे लागतात. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरांना (टेंडन, रक्तवाहिन्या नव्हेत) रक्तपुरवठा कमी असतो, त्या हळूहळूच घट्ट होतात. त्यांना 3 महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात. त्यामुळे पाचव्या-सहाव्या आठवड्यात छाती पळायला तयार असते, डोक्याला पंचविशीतली चाल आठवत असते आणि टाचेमागची शीर मात्र अजून मागेच असते. या वयातल्या दुखापतींचे हे फार मोठे कारण आहे. पुढचा सगळा कार्यक्रम शिरेच्या गतीने आखलेला आहे. दम लवकर आला म्हणून त्यात आठवडे गाळू नका.

आधी तपासणी

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले: 26.4 टक्के. म्हणजे पंधरा जणांच्या वेटरन्स संघात तिघा-चौघांना साखर असणार आणि त्यातल्या एखाद्याला ते ठाऊकही नसणार, असे धरूनच चालावे. मैदानावर उतरण्याआधी रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि ईसीजी एवढे करून घ्या. साखर, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर स्ट्रेस टेस्टबद्दल, म्हणजे मेहनत करतानाच्या हृदयाच्या तपासणीबद्दल, डॉक्टरांना स्वतःहून विचारा. ईसीजी ठीक आला म्हणजे हृदय पळायला मोकळे झाले, असे नाही. तो ईसीजी निजून काढलेला असतो.

गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. त्यात तीन गोष्टी खास पाहायच्या. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अशा गोळ्यांनी नाडी पुरेशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातले आकडे निरुपयोगी ठरतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर खेळताना एकदम खाली जाऊ शकते. खेळाआधी मोजा, 90च्या खाली असेल तर आधी 15 ते 30 ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्या, म्हणजे एक मोठे केळे, आणि खिशात साखरेची पुडी ठेवा. तिसरी गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकांनी टाचेची शीर कमजोर होऊन तुटू शकते. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी हा कोर्स झाला असेल, तर तो चालू असताना आणि नंतरचे काही आठवडे धावणे, उड्या मारणे बंद.

खेळताना छातीवर दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, मेहनतीच्या मानाने जास्त लागलेली धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही आले की तिथेच थांबायचे. दोन मिनिटांत गेले, तरी त्या दिवशी परत उतरायचे नाही, आणि तपासून घेतल्याशिवाय पुढच्या दिवशीही नाही. प्रत्येक संघात निदान दोघांना सीपीआर आले पाहिजे: माणूस कोसळला, हाकेला प्रतिसाद नाही, श्वास नीट नाही, की एकाने 108 फिरवायचा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 दाब सुरू करायचे, रुग्णवाहिका येईपर्यंत. जर्सी शिवून घेण्याआधी हे शिकून घ्यावे, असे आमचे ठाम मत आहे.

पोटरी आणि टाच

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. चाळिशी-पन्नाशीतल्या खेळाडूला अचानक वाटते, की मागून कुणीतरी पोटरीवर लाथ मारली. वळून पाहावे तर मागे कुणी नसते. पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू फाटला, की असे होते. टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीस तुटली तरी असेच होते. टाचेच्या वर 2 ते 6 सेंटिमीटरचा पट्टा सर्वांत कमी रक्ताचा, आणि शीर बहुधा तिथेच तुटते. बहुतेक वेळा निमित्त एकच: मागे सरकत असताना एकदम पुढे झेप.

व्यायाम पायरीवर करायचा. पावसात अंगणातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून घरातली पायरी बरी, आणि एका हाताने भिंत किंवा कठडा धरा. चवडे पायरीच्या कडेवर, टाचा बाहेर. दोन्ही पायांनी 2 सेकंदांत वर उठा, एक पाय उचला आणि उरलेल्या एका पायावर 3 सेकंद मोजत टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत उतरा. आधी गुडघा सरळ ठेवून, मग थोडा वाकवून. कारण पोटरीत दोन थर आहेत आणि धावताना जास्त भार घेणारा आतला थर गुडघा वाकवल्यावरच नीट कामाला लागतो. बहुतेक लोक सरळ गुडघ्याने करतात आणि नेमका तोच थर कच्चा सोडतात.

पहिले दोन आठवडे प्रत्येक प्रकारात 8चे 3 संच (सलग 8 वेळा, असे 3 वेळा), एक दिवसाआड. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 12. पाचव्यापासून 15. मग पाठीवर पिशवी घेऊन त्यात 5 किलो तांदूळ आणि पुन्हा 8वर या. बाराव्या आठवड्यापर्यंत 10 किलोंवर पोचलात तर उत्तम. संख्या वाढवत 40-50 पर्यंत नेण्यात फायदा नाही. शिरेला वजन लागते.

कसोटी अशी: सपाट जमिनीवर एका पायावर, गुडघा सरळ ठेवून, टाच पूर्ण वर उचलत किती वेळा जमते ते मोजा. दर वेळी उंची तेवढीच हवी. ती कमी झाली की मोजणे थांबवा. प्रत्येक पायावर 20 ते 25 जमल्याशिवाय आणि दोन पायांतला फरक 10 टक्क्यांच्या आत आल्याशिवाय मॅच खेळू नये. पहिल्या दिवशी पंधरापाशीच पाय थरथरले तर दचकू नका. सरावाने हा आकडा वाढतो.

थोडे दुखले तर काय? दहापैकी 3 पर्यंत दुखणे व्यायामात चालते, दुसऱ्या सकाळी पहिली पावले टाकताना ते आदल्या दिवसाएवढेच असेल तर. सकाळी जास्त कडक वाटले, की पुढच्या खेपेला वजन किंवा संच कमी करा. व्यायाम पूर्ण बंद मात्र करू नका. विश्रांतीने दुखणे जाते, शीर घट्ट होत नाही, आणि खेळायला लागल्यावर तेच दुखणे परत येते.

मांडी, जांघ, तोल

मांडीमागच्या स्नायूसाठी नॉर्डिक. गुडघे उशीवर टेकवा, जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत, कंबर न मोडता जितके हळू जमेल तितके पुढे झुका, सुटलात की हातांवर पडा. हा एकच व्यायाम नेमाने केला, तर या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असे फुटबॉल संघांवरचे अभ्यास सांगतात. पण पहिल्याच दिवशी दहा केलेत तर चार दिवस जिना उतरवणार नाही. आधी दोन आठवडे पाठीवर निजून, टाचा खुर्चीवर ठेवून कंबर उचला, 8चे 3 संच. मग नॉर्डिक: 3चे 2 संच, पुढच्या आठवड्यात 4चे 2, असे वाढवत 6चे 3.

जांघेसाठी कुशीवर निजा, वरचा गुडघा खुर्चीवर टेकवा आणि कोपरावर भार घेऊन कंबर उचलून धरा. 15 सेकंदांपासून 30पर्यंत, दोन्ही बाजूंना. गुडघ्यासाठी एक पाय पुढे ठेवून बसणे-उठणे, 10चे 3 संच. तोलासाठी दात घासताना एका पायावर 30 सेकंद. हे सगळे आठवड्यातून दोनदा, 25 मिनिटांत उरकते.

बारा आठवडे

पहिले तीन आठवडे चेंडू नको. आठवड्यातून तीनदा 5 मिनिटे चाला, मग 1 मिनिट सावकाश धाव आणि 2 मिनिटे चाल, असे 8 वेळा. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. ते जमत असेल तर वेग बरोबर आहे. आकडाच हवा असेल तर नाडीची कमाल गती काढायला 208मधून वयाचे सात दशांश वजा करा: 48 वर्षांच्या माणसाला सुमारे 174, आणि या टप्प्यात त्याच्या 60 ते 70 टक्के. हा सरासरीचा हिशेब आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

चौथ्या ते सहाव्या आठवड्यात सलग 20 मिनिटे धाव, आणि आता चेंडू. भिंतीपासून 4 मीटरवर उभे राहून कमजोर पायाने 100 पास. जोडीदाराबरोबर 10 ते 15 मीटरचे पास. सरळ रेषेत 40 मीटर, पूर्ण वेगाच्या साठ-सत्तर टक्क्यांवर, 6 वेळा, परत चालत यायचे. लांब शॉट, एकदम वळणे, उडी मारून हेडर यातले काही नाही. याच दिवसांत मित्र म्हणतील, आज एक माणूस कमी आहे, ये. जाऊ नका. गेलातच तर गोलकीपर म्हणूनही नको. गोलकीपरची झेप पोटरीला सर्वांत वाईट.

सातव्या ते नवव्यात 80 टक्के वेग, 45 अंशांची वळणे, मग 90ची. फाइव्ह-अ-साइडचे (पाच-पाच जणांच्या खेळाचे) 5 मिनिटांचे 4 डाव, मधे 3 मिनिटे विश्रांती. दहाव्या ते बाराव्यात 15 ते 20 मिनिटांचे दोन हाफ, आणि आठवड्यातून एकदा, मॅचच्या दोन-तीन दिवस आधी, पूर्ण वेगाने 20 मीटरच्या 4 ते 6 धावा. ही शेवटची गोष्ट लोक भीतीने टाळतात. सरावात कधीच पूर्ण वेगाने न धावलेला स्नायू मॅचमध्ये पहिल्यांदा ताणला जातो आणि तिथेच जातो.

वॉर्म-अपसाठी फिफाचा 'इलेव्हन प्लस' घ्या: 8 मिनिटे सावकाश धाव आणि वळणे, 10 मिनिटे ताकद-तोल-उड्या, 2 मिनिटे वेगाची धाव. तोल आणि उड्यांचे सोपे पर्याय त्यातच दिलेले आहेत. मैदानावर उतरून गोलावर चार शॉट मारणे हा वॉर्म-अप नव्हे. त्याने जांघ दुखावते.

जमीन आणि बूट

गोव्यात एकाच मोसमात चार तऱ्हेच्या जमिनीवर खेळावे लागते. मार्च-एप्रिलमध्ये तांबडी माती दगडासारखी होते आणि तिच्यात बारीक खडे असतात. इथे लांब स्टड टोचतात, छोट्या रबरी गुठळ्यांचे टर्फ बूट घाला. कापणीनंतरच्या शेतात खुंट आणि भेगा असतात. उतरण्याआधी एक फेरी चालत मारून खड्डे पाहा, घोटा तिथेच मुरगळतो. पावसातल्या चिखलात आखूड स्टड घसरतात. कृत्रिम टर्फवर मात्र लांब स्टड रुततात, पाऊल अडकते आणि वळताना गुडघा पिळवटतो, म्हणून तिथेही टर्फ बूटच. दुपारी टर्फ तव्यासारखा तापतो. संध्याकाळी 6 नंतरचा स्लॉट घ्या.

वीस वर्षांपूर्वीचे बूट माळ्यावर असतील तर ते तिथेच राहू द्या. तळ सुटतो, आणि पाऊलही वयाबरोबर थोडे रुंद झालेले असते. नवे बूट संध्याकाळी घ्या, पाऊल दिवसभरात किंचित फुगते. साखर असलेल्यांनी खेळून आल्यावर तळवे आणि बोटांच्या फटी रोज पाहाव्यात. फोड आलेला त्यांना जाणवेलच असे नाही.

मिरामार किंवा कोलव्याच्या वाळूत धावणे अनेकांना आवडते. मऊ वाळूत टाच खोल जाते आणि अकिलीसवर ताण वाढतो, म्हणून पहिले सहा आठवडे वाळू नको. नंतरही ओहोटीच्या वेळी, पाण्यालगतच्या घट्ट पट्ट्यावर. तो पट्टा समुद्राकडे उतरता असतो. जितके गेलात तितकेच त्याच पट्ट्यावरून परत या, म्हणजे दोन्ही पायांना सारखा उतार मिळतो.

घाम आणि जेवण

आपल्याकडे उन्हापेक्षा दमट हवा जास्त छळते. घाम अंगावरच राहतो, वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. उन्हाळ्यात खेळायला लागणाऱ्याने 10 ते 14 दिवस वेळ हळूहळू वाढवावी. खेळाआधी आणि नंतर कोरड्या कपड्यांत वजन करा. 1 किलो कमी झाले म्हणजे साधारण 1 लिटर पाणी गेले. पुढच्या काही तासांत त्याच्या सव्वा ते दीड पट प्या. नुसते पाणी पुरत नाही. 1 लिटर पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरचे प्रमाण आहे. साखर किंवा रक्तदाब असलेल्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मीठ घातलेले कोकम सरबत चालते, आणि घसा कोरडा पडल्यावर तेच जास्त जाते.

रविवारी एकला भरपेट शीतकडी आणि चारला मॅच हा हिशेब चाळिशीत जमत नाही. जेवण आणि खेळ यांत 3 तास हवेत. तळलेला मासा रात्रीसाठी ठेवा. वेळ कमी असेल तर तासभर आधी मीठ घातलेली पेज किंवा केळे. प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम लागतात: 70 किलोंच्या माणसाला 84 ते 112 ग्रॅम. 100 ग्रॅम बांगड्यात सुमारे 19 ग्रॅम, एका अंड्यात 6. सकाळी नुसते पाव आणि चहा घेणाऱ्याचे दिवसाचे गणित जमत नाही. पावाबरोबर दोन अंडी किंवा वाटीभर कडधान्याची भाजी हवी.

मॅचनंतरच्या बिअरबद्दल: दारूने स्नायूंची दुरुस्ती मंदावते, आणि ताज्या दुखापतीत सूज वाढते. निदान 1 लिटर मीठ-साखरेचे पाणी आणि जेवण पोटात गेल्यावरच तिचा विचार करा, आणि पाय दुखावलेला असेल त्या रात्री करूच नका.

जागा बदलणे

वेगवान धावेचे स्नायुतंतू वयाबरोबर सर्वांत आधी आटतात. म्हणून पहिल्या 10 मीटरांतला झटका जातो. पास, चेंडूवरचा पहिला स्पर्श आणि खेळ वाचण्याची नजर टिकते. विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावत, नाव कमावलेल्याला हे मान्य करणे जड जाते, आणि आत्मविश्वास ढासळतो तो इथेच: जुनी चाल जमत नाही म्हणजे आपण संपलो, असे त्याला वाटते. चाल जमत नाही, कारण ती ज्या गुणावर उभी होती तो गुण कमी झाला आहे. उरलेल्या गुणांवर दुसरी चाल उभी करावी लागते, आणि ती बसायला तीन-चार महिने द्यावेत.

विंगरने मागे जाऊन फुलबॅक, म्हणजे बचावफळीतला कडेचा खेळाडू, होऊ नये; तिथे समोरचा तरुण विंगर एकटाच गाठतो आणि दर वेळी त्याच्यामागे धावावे लागते. मधला मिडफिल्डही सोपा नाही, एकूण धाव तिथेच सर्वांत जास्त. बचावाच्या मध्यातला सेंटर-बॅक बरा, पण बचावफळी थोडी मागे ठेवायची, म्हणजे डोक्यावरून आलेल्या चेंडूमागे धावावे लागत नाही. फाइव्ह-अ-साइडमध्ये बचावापुढचा मधला माणूस ही या वयातली सर्वांत चांगली जागा आहे: चेंडू घ्यायचा, दोन स्पर्शांत सोडायचा, आणि सगळ्यांना सतत आवाज द्यायचा.

या जागेसाठी एक सराव फार उपयोगी. जोडीदार समोरून पास देतो, दुसरा मागे उभा राहून बोटे दाखवतो. चेंडू पायाशी येण्याआधी खांद्यावरून मागे पाहून बोटांची संख्या ओरडायची, मग अंग अर्धे वळवून दूरच्या पायाने चेंडू घ्यायचा. दहा मिनिटे, आठवड्यातून दोनदा. आधीच पाहिलेले असेल तर धावायची गरजच कमी पडते. चष्म्याचेही पाहा: प्रोग्रेसिव्ह काचेतून खालचा भाग वाकडा दिसतो, म्हणजे पायातला चेंडूच नीट दिसत नाही. खेळायला फक्त दूरच्या नंबरचा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स घ्या.

कप्तानाशी आधीच बोला: वीस मिनिटांनी मला काढ. बदली खेळाडू पुन्हा उतरू शकतो, असा नियम स्पर्धेत आहे का ते विचारून ठेवा. बाहेर काढल्यावर मान खाली जाते ती बदली अनपेक्षित असली की. ठरलेली असेल तर माणूस बाकावर बसून पुढच्या पाळीचा खेळ पाहतो. दमल्यावर, शेवटच्या दहा मिनिटांत दुखापती जास्त होतात, हे कप्तानालाही पटवून द्या.

दुखापतीतून उठलेल्याला टॅकलची भीती वाटते. नुसते 'घाबरू नको' म्हणून ती जात नाही, पायऱ्या लागतात. आधी समोर कुणी नसताना चेंडू. मग समोर उभा राहणारा, पण पाय न घालणारा माणूस. मग ओळखीच्या माणसाशी अर्ध्या जोराचे टॅकल. मग मॅचचे दहा मिनिटे. प्रत्येक पायरी सलग दोन खेपांना शांतपणे जमली, की पुढची. मनातल्या मनात पाय मागे घेत खेळणारा जास्त पडतो, म्हणून पायरी गाळू नये.

एक वही ठेवा. तिच्यात टाच किती वेळा उचलली, किती मिनिटे खेळलात, सकाळी पोटरी कशी होती, एवढेच लिहा, आणि तुलना सहा आठवड्यांपूर्वीच्या पानाशी करा. सुनील छेत्री 2025 साली चाळिशीत भारतीय संघात परतला, तेव्हा अनेकांना वाटले, मग आपणही. पण तो क्लबसाठी खेळतच होता. त्याच्या शिरांनी एकही मोसम सुट्टी घेतली नव्हती. पंधरा वर्षे दुकानात किंवा कचेरीत बसलेल्याची बरोबरी त्याच्याशी नाही.

धावणे जमतच नसेल, गुडघ्याची झीज असेल, तर वॉकिंग फुटबॉल आहे. 2011मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टरफील्डला तो सुरू झाला. धावलात की फाउल, चेंडू डोक्यावर उडवायचा नाही. लहान टर्फवर सहा-सहा जणांत तो सहज खेळता येतो, आणि पासची कसोटी तिथे पूर्ण लागते.

स्त्रियांसाठी थोडे वेगळे

पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन घटते, हाडांची घनता वेगाने कमी होते आणि शिरांवरही परिणाम होतो. उड्या, वळणे, वजन उचलणे यांनी हाडांना फायदा होतो, म्हणून फुटबॉल या वयात वर्ज्य नाही. फक्त ताकदीचा टप्पा बाराऐवजी सोळा आठवड्यांचा धरा. रात्री झोप मोडत असेल तर दुसऱ्या दिवशी वेगाचा सराव नको. धावताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब सुटतात म्हणून कित्येक जणी काही न सांगता खेळ सोडतात. हे खूप जणींना होते आणि बहुतेकींचे सुधारते: ओटीपोटाखालचे स्नायू 8 ते 10 सेकंद आवळून धरायचे, तेवढेच सैल सोडायचे, 8 ते 12 वेळा, दिवसातून तीनदा, सलग 3 महिने. फरक पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

दुखावले तर

पहिले 48 तास तेल चोळू नका, ओढून ताणू नका. बर्फ कपड्यात गुंडाळून 10 ते 15 मिनिटे, क्रेप बँडेज, पाय उशीवर. पोटरीत फट जाणवत असेल किंवा एका पायावर टाच उचलताच येत नसेल, तर पालथे निजा, पाऊल खाटेबाहेर सोडा आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. पाऊल हलले नाही तर अकिलीस तुटल्याचा संशय धरून त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, हवे तर बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात). घोटा मुरगळून चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर बोट ठेवल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे. गुडघ्यात कट्‌ असा आवाज होऊन दोन तासांत सूज आली, तर सांध्यात रक्त साचले असण्याची शक्यता मोठी. त्यावर खेळू नका. डोक्याला मार लागून गरगरले, तर मॅच संपली.

खेळाआधी आयब्युप्रोफेन घेऊन उतरण्याची सवय मोडा. ती गोळी दुखणे झाकते, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडावर ताण आणते.

मोसम आणि चवथ

गोव्यातले वर्ष असे वाटून घ्या: जून ते ऑगस्ट घरात ताकदीचे काम, कारण मैदाने चिखलात असतात आणि वेळ मोकळा असतो. ऑक्टोबरपासून टर्फ, नोव्हेंबरला कापणी झाली की शेत. मधे चवथीचे, म्हणजे गणेशोत्सवाचे, आठ-दहा दिवस जातात, आणि ते जाऊ द्यावेत. परतल्यावर मात्र जिथे थांबलात तिथून सुरू करू नका: एक आठवडा सुट्टी झाली असेल तर पहिल्या खेपेला नेहमीच्या सत्तर टक्के, दोन आठवडे झाले असतील तर अर्धे, महिना झाला असेल तर चौथ्या आठवड्याच्या कार्यक्रमावर परत या. टाच उचलण्याचा व्यायाम चवथीतही चालू ठेवता येतो. आणि जानेवारीतल्या स्पर्धेला कप्तानाने ऑक्टोबरमध्येच नावे मागितली, तर वहीतला आकडा पाहून उत्तर द्या; दोन्ही पायांवर वीसच्या खाली असाल, तर त्याला फेब्रुवारीचे सांगा.